नदीवर जाताना बरोबर काय न्यावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा, मुलींचे शिक्षण, वसतिगृह अशा विषयांवर बोलले जाते. त्यांत ही पिशवी भरण्याची गोष्ट कुठून आली? परंतु आपली मुले-मुली आता महाविद्यालयांत शिकतात, तिथे साहस-शिबिरे निघतात आणि त्यांत रबरी तराफ्यातून चार-पाच दिवस नदीने प्रवास करण्याची, म्हणजेच राफ्टिंगची, शिबिरेही असतात. मुलगा किंवा मुलगी फॉर्म घेऊन घरी येते आणि घरात दोन प्रश्न उभे राहतात. पाठवावे का? आणि पाठवायचे तर बरोबर काय द्यावे?

पहिल्या प्रश्नावर घरोघर बरीच चर्चा होते. दुसऱ्याचा विचार आदल्या रात्री होतो. माझे म्हणणे असे की, दुसऱ्या प्रश्नाचा नीट विचार केला तर पहिल्याचे उत्तर त्यातूनच मिळते. पिशवीत काय जाते आणि काय जात नाही, ती कोण भरतो, फॉर्मवर काय लिहिले जाते, यावरून मूल या प्रवासाला तयार आहे की नाही आणि नेणारी मंडळी विश्वासाची आहेत की नाहीत, या दोन्ही गोष्टी समजतात.

उदाहरणासाठी आपण एकच नदी घेऊ. लडाखमध्ये झांस्कार नावाची नदी आहे. स्तोद आणि त्साराप या दोन नद्या पदुम गावाजवळ मिळून ती तयार होते, उत्तरेकडे उंच कड्यांच्या घळीतून वाहते आणि लेहच्या पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवर निम्मू येथे सिंधू नदीला मिळते. हिवाळ्यात ती गोठते आणि माणसे तिच्यावरून चालत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळून ती भरून वाहते, तेव्हा तराफे सोडले जातात. पूर्वी पदुमला जायचे म्हणजे कारगिलहून सुरू नदीच्या खोऱ्यातून, पेन्सी-ला खिंड ओलांडून लांबचा वळसा पडे. मार्च २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडला गेला आणि आता घळीच्या बाजूनेही वाट झाली आहे. तरी पात्रातून रस्त्यापर्यंत चढणे प्रत्येक ठिकाणी शक्य नसते आणि वर कोणी गाडी घेऊन वाट पाहत नसते. घळीत दुकान नाही, औषधाचे दुकान नाही, फोन लागेल असे धरून चालता येत नाही. तेव्हा घरून काय निघाले यावर पुढचे दिवस अवलंबून राहतात.

या नदीची चार लक्षणे ध्यानात ठेवा, कारण सारी यादी त्यांतूनच निघते.

पहिले, पाणी. ते बर्फाचे वितळलेले पाणी आहे. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या मानाने सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. दुसरे, ऊन. उंची दर १००० मीटरने वाढली की सूर्याची अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि पाण्यावरून परतणारे ऊन खालूनही लागते. तिसरे, हवा. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंच आहे. आपल्याकडच्या मानाने तिथे श्वासाला सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. चौथे, कोरडेपणा आणि वारा. वर्षभरात तिथे सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात एखाद्या दिवसात त्याहून जास्त पडतो. दुपारनंतर घळीतून वारा सुटतो आणि बारीक वाळू भाकरीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळीकडे शिरते. म्हणजे एकाच दिवसात माणूस गारठतो, भाजतो आणि सुकतो. मुंबईच्या पावसाळ्याच्या हिशेबाने भरलेली पिशवी तिथे निरुपयोगी ठरते.

आता पिशवी. सामान एका ढिगात ठेवू नका. घरी जमिनीवर चादर अंथरून चार ढीग करा.

पहिला ढीग अंगावर राहणाऱ्या वस्तूंचा. दुसरा ढीग दिवसाच्या लहान पिशवीचा. ही तराफ्यात हाताशी बांधलेली असते आणि नदीवर असताना फक्त हीच उघडता येते. तिसरा ढीग मोठ्या पिशवीचा. ती सकाळी सामानाच्या तराफ्यावर दोरीने आवळली जाते आणि संध्याकाळी तळावरच सुटते. चौथा ढीग लेहच्या मुक्कामात ठेवून जायच्या वस्तूंचा: प्रवासाचे कपडे, घरच्या किल्ल्या, परतीची तिकिटे. नवखी मुले सनस्क्रीन मोठ्या पिशवीत ठेवतात आणि गरम टोपी लहान पिशवीत. दुपारी नाक भाजत असते आणि मलम दोन तराफे पलीकडे दोरीखाली असते. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा: ही मला केव्हा लागेल? पाण्यावर असताना, की तळावर पोचल्यावर? उत्तर मिळाले की ढीग ठरला.

या प्रवासात सूटकेस चालत नाही, चाकांची बॅग चालत नाही. जाड प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडाची, तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी लागते. ती बहुधा नेणारी संस्था देते. तसे आधी विचारून घ्यावे. ती बंद करण्याची रीत मात्र घरीच शिकवा. सामान भरा, गुडघ्याने दाबून हवा काढा, तोंडाच्या दोन्ही कडा जुळवा, किमान तीन घड्या गुंडाळा आणि मग बक्कल लावा. तोंडापर्यंत ठासून भरलेल्या पिशवीला तीन घड्या बसत नाहीत आणि ती पाणी घेते. म्हणजे पिशवी कोरडी राहण्यासाठी ती थोडी रिकामी हवी. आत कपडे साध्या प्लॅस्टिक पिशव्यांत वेगळे बांधा; एका ठिकाणी पाणी शिरले तरी सगळे भिजत नाही. झोपायचे कपडे आणि एक जोडी लोकरी मोजे वेगळे बांधा आणि काही झाले तरी ते दिवसा घालू नका. ओल्या अंगाने तळावर पोचलेल्या माणसाला कोरडे कपडे मिळाले की निम्मी थंडी तिथेच सरते.

सामान वाटून ठेवण्याचे महत्त्व पटवण्यासाठी एक जुनी हकीकत सांगतो. अमेरिकेत मेजर जॉन वेस्ली पॉवेल नावाचे गृहस्थ होते. यादवी युद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. २४ मे १८६९ रोजी ते दहा जणांची तुकडी, चार होड्या आणि दहा महिन्यांचा शिधा घेऊन कोलोरॅडो नदीच्या घळ्या पाहायला निघाले. एखादी होडी गेली तरी सर्व जाऊ नये म्हणून त्यांनी धान्य आणि हत्यारे वेगवेगळ्या होड्यांत वाटली होती. परंतु उंची मोजण्यासाठी आणलेली बॅरोमीटरे तेवढी एकाच होडीत राहिली. ९ जूनला नेमकी तीच होडी खडकावर फुटली! सुदैवाने फुटक्या होडीच्या अवशेषांत ती यंत्रे पुढे सापडली. शिध्याचे दैव तसे नव्हते. पीठ भिजत गेले, वाळवत गेले, पुन्हा भिजले. खारवलेले मांस नासले. ऑगस्टमध्ये त्यांच्याजवळ राहिले ते बुरसटलेले पीठ, थोडी वाळवलेली सफरचंदे आणि कॉफी. २८ ऑगस्टला तिघे जण पुढच्या धारेला भिऊन कडा चढून निघून गेले. ते पुन्हा घरी पोचले नाहीत. उरलेले दोनच दिवसांनी सुखरूप बाहेर पडले. दहा महिन्यांचा शिधा, प्रवास सुमारे तीन महिन्यांचा, आणि तरी उपासमार. शिधा पुरेसा घेतला होता, तो कोरडा राहिला नाही. आज आपल्याजवळ पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आहेत, वाटाडे आहेत, नदीचे नकाशे आहेत. पण जरुरीची वस्तू एकाच ठिकाणी ठेवू नये, हा धडा अजून तसाच लागू आहे.

कपड्यांबद्दल बोलू. आपल्याकडे सुती कापड उत्तम मानले जाते आणि आपल्या हवेत ते बरोबरच आहे. थंड नदीवर मात्र सुती कापड पाणी धरून ठेवते, लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब घालवते. जीन्स तर भिजली की पायाला बांधलेले ओझे होते. म्हणून अंगालगत पॉलिस्टरचा खेळाचा गंजीफ्रॉक आणि पँट, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, वर वारा आणि पाणी अडवणारे जॅकेट, असे तीन थर करावेत. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. थंड नद्यांवर रबरी पोशाख, ज्याला वेटसूट म्हणतात, संस्थेकडून मिळतो. तो विकत घेऊ नये. ऑगस्टमध्ये तिथे दिवसा उन्हात शर्ट पुरतो आणि रात्री पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. कानटोपी न्याच.

आता आपल्या मुलींबद्दल, कारण खरी अडचण इथे येते आणि ती कोणी मोकळेपणाने बोलत नाही. वेटसूट अंग झाकतो, पण तो अंगाला घट्ट बसतो, आणि एवढ्यावरून कित्येक मुली फॉर्म परत करतात. त्यावर सोपा उपाय आहे. वेटसूटवरून पॉलिस्टरची ढगळ पण फार लांब नसलेली पँट आणि पूर्ण बाह्यांचा मांडीपर्यंत येणारा शर्ट घालावा, त्यावर पाण्याचे जॅकेट आणि सर्वांवर लाइफ जॅकेट. याने कशालाही बाध येत नाही. ओढणी मात्र पाण्यावर नको, पायघोळ वस्त्र नको. ही शिस्तीची बाब नसून जिवाची आहे. वाहत्या पाण्यात लोंबणारे कापड खडकात, झाडाच्या फांदीत किंवा दोरीत अडकते. डोके झाकायचे असेल त्या मुलीने पोहण्याच्या कापडाची, डोक्यावर ओढून घालायची शिवलेली टोपी वापरावी. तिला पिना नकोत, गाठ नको, आणि तिच्यावर हेल्मेट नीट बसायला हवे. घरीच हेल्मेट घालून मान चारी बाजूंना फिरवून पाहावी. मासिक पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू तारीख जवळ नसली तरी न्याव्यात. उंचीवर, प्रवासात तारीख पुढे-मागे होते. त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि वापरलेल्या वस्तू परत आणण्यासाठी गडद रंगाची जाड पिशवी द्यावी. ज्या संस्थेबरोबर पाठवाल तिला विचारा: मुलींसाठी वेगळा तंबू आहे का? शौचासाठी आडोशाचा तंबू असतो का? बरोबर जबाबदार स्त्री आहे का? हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चांगली संस्था याची उत्तरे न विचारताच देते.

पायांत रबरी चप्पल नको. पहिल्या लाटेलाच ती जाते आणि खडकाळ काठावर अनवाणी पाय कापतो. टाचेला पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट पाण्यासाठी, आणि तळावर घालायला दुसरे कोरडे बूट. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी लावा. ती घरी नाडीचीही करता येते. दुसरा चष्मा मोठ्या पिशवीत ठेवा. चष्मा गेल्यावर चार दिवस अंधुक पाहत नदी उतरणे फार त्रासाचे असते.

उन्हासाठी किमान ३० क्रमांकाचे सनस्क्रीन, ओठांना मलम, काळा चष्मा, काठाची टोपी. "आमचा रंग सावळा, आम्हाला ऊन लागत नाही," असे म्हणणारी मुले दुसऱ्या दिवशी नाक सोलून घेतात. मलम कान, मान आणि हाताच्या पाठीवर लावायचे, आणि ओले झाल्यावर पुन्हा लावायचे.

पाणी पिण्याची बाटली एक लिटरची, दोरीने बांधता येईल अशी. तिथे कोरड्या हवेत घाम आलेला कळत नाही आणि दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यावे लागते. नदीचे पाणी गाळामुळे राखी दिसते. तळावर ते बादल्यांत स्थिर ठेवून, गाळून, उकळून दिले जाते. ३५०० मीटर उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, म्हणून उकळी आल्यावरही ते तीन मिनिटे उकळत ठेवावे लागते. आपल्या मनाने नदीचे पाणी पिऊ नये. जलसंजीवनीची पाकिटे न्या. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण मुलांना तोंडपाठ असू द्या. खाऊ म्हणून खजूर, चणे, शेंगदाण्याची चिक्की, जर्दाळू. खाण्याबद्दल जी काही पथ्ये असतील ती संस्थेला पैसे भरण्यापूर्वी लेखी कळवा. घळीत गेल्यावर आचारी दुसरे काही आणू शकत नाही.

नमाजासाठी पातळ नायलॉनची जानमाज आणि लहान होकायंत्र पुरते. मुंबईहून किबला पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे येतो, तर लेहहून तो पश्चिमेपासून सुमारे ११ अंश दक्षिणेकडे येतो. मुलांनी घरच्या अंदाजाने उभे राहू नये. भूगोलाचा हा धडा वर्गापेक्षा तिथे चांगला समजतो.

यापुढे जे सांगायचे आहे ते मुख्यतः पालकांसाठी आहे, आणि त्यासाठीच मी हा विषय घेतला.

प्रत्येक संस्था एक आरोग्याचा फॉर्म भरून घेते. दमा आहे का, फिट्स येतात का, हृदयाचा त्रास, मधुमेह, औषधांची किंवा मधमाशीची अॅलर्जी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. या फॉर्मवर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी "नाही, नाही, नाही" असे लिहिले जाते. कारण आपण जाणतो. खरे लिहिले तर मुलाला घेणार नाहीत. आणि मुलगी असेल तर बातमी गावात जाईल, उद्या तिच्या लग्नाच्या बोलण्यात अडचण येईल. मग अम्मी फॉर्मवर "नाही" लिहिते आणि मुलीच्या पिशवीच्या तळाशी, कपड्यांच्या घडीत गोळ्या लपवून देते. मुलीला बजावते, कोणाला दाखवू नकोस.

आता हे चित्र नदीवर नेऊन पाहा. ती गोळी मोठ्या पिशवीत आहे, मोठी पिशवी सामानाच्या तराफ्यावर दोरीने बांधलेली आहे, आणि तो तराफा वळणापलीकडे पुढे गेला आहे. मुलीला दम लागला तर वाटाड्याला वाटेल, ही घाबरली आहे. तो तिला धीर देईल, औषध देणार नाही, कारण त्याला ठाऊकच नाही. पाण्यात पडलेल्या आणि फिट आलेल्या माणसाला ओढून काढण्याची रीत वेगळी असते, तिलाही तो तयार नसेल. ज्याच्या हाती आपण मूल सोपवले, त्याच्यापासूनच आपण मुलाची हकीकत लपवली, असा याचा अर्थ होतो.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की फॉर्म खरा भरा. दमा असलेली कित्येक मुले डॉक्टरांच्या सल्ल्याने, पंप जवळ ठेवून असे प्रवास सुखाने करतात. काहींना डॉक्टर "या वर्षी नको" म्हणतील, आणि तेही ऐकावे. नेहमीच्या औषधांचे दोन संच करा: एक मुलाच्या लहान पिशवीत, दुसरा वाटाड्याजवळ, दोन्हींवर नाव आणि केव्हा किती घ्यायचे ते मराठीत आणि हिंदीत लिहिलेले. दम्याचा पंप अंगावरच्या चेनच्या खिशात. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि पदुमला किंवा नदीवर जाण्यापूर्वी लेहला किमान दोन दिवस विश्रांतीचे ठेवले आहेत की नाही, हे कार्यक्रमपत्रिकेत बोट ठेवून पाहा. विमानाने उतरून दुसऱ्याच सकाळी दगदग करायला लावणारी सहल स्वस्त असली तरी घेऊ नका.

फॉर्मबरोबर संस्थेला आणखी चार प्रश्न विचारा. किमान दोन तराफे बरोबर असतात का, म्हणजे एक उलटला तर दुसरा मदतीला येईल? वाचवण्यासाठी वेगळा कयाक असतो का? वाटाड्यांनी नदीतील बचावाचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का? आणि कोणी जखमी झाले तर त्याला कुठून, कसे लेहच्या रुग्णालयात नेणार? उत्तर देताना समोरचा माणूस हसून विषय बदलू लागला, तर आपणही तिथून उठावे.

विद्यार्थी मित्रांनो, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट तुम्हाला तिथे मिळेल, पण ते बरोबर बसले की नाही हे तुम्हीच पाहायचे. सर्व पट्टे आवळल्यावर मित्राला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत वर आले तर ते ढिले किंवा मोठे आहे. दुसरे मागा, संकोच करू नका. फोटोसाठी बक्कल सोडू नका. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटे पाण्याच्या वर ठेवा, आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करू नका. पाय खडकांच्या फटीत अडकला तर वरून येणारे पाणी माणसाला दाबून धरते. दोरी फेकली तर ती हाताला गुंडाळायची नाही, छातीशी धरायची.

काय नेऊ नये, तेही सांगतो. सोन्याची चेन, अंगठी, बांगड्या नकोत. सुजलेल्या बोटातून अंगठी निघत नाही. अत्तर नको. काचेची बाटली नको. नवे, पायाला न सरावलेले बूट नकोत. उपग्रहाचा फोन कोणा नातेवाइकाने परदेशातून आणला असेल तर तो घरीच राहू द्या. परवान्याशिवाय तो आपल्या देशात बाळगणे गुन्हा आहे. मोबाइलची जादा बॅटरी विमानात हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, आणि शेगडीचा गॅसचा डबा विमानात नेताच येत नाही. महागडा कॅमेरा भिजला तर कोणी भरून देत नाही. तो नेण्याआधी ही तयारी ठेवा.

खर्चाबद्दल दोन शब्द. या प्रवासासाठी दुकानांतून हजारोंच्या वस्तू दाखवल्या जातात आणि मुले हट्ट धरतात. कर्ज काढू नका, पतपेढीत जाऊ नका. लोकरी स्वेटर घरात असतो, खेळाची पॉलिस्टरची पँट असते, कॅनव्हासचे बूट असतात, मोहल्ल्यात कोणाकडे तरी चांगली टॉर्च असते. विकत घ्यावे ते सनस्क्रीन, लोकरी मोजे आणि डोक्याला बांधायची टॉर्च नसेल तर ती. बाकीचे मागून घ्या आणि धुऊन परत करा.

एकदम लडाखला पाठवण्याचा धीर होत नसेल तर आपल्या जवळ रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदी आहे. धरणाच्या वीज केंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर तिथे सुमारे १२ किलोमीटर तराफे चालतात आणि दुपारपर्यंत माणूस घरी निघतो. एक दिवस तिथे जाऊन यावे. मूल लाटेला भिते की रमते, वाटाड्याचे ऐकते की नाही, ओल्या कपड्यांत कुरकुर करते की नाही, हे एका दिवसात समजते, आणि खर्चही बेताचा येतो.

जाता जाता नदीच्या काठाबद्दल. जे नेले ते सगळे परत आणायचे: चिक्कीचा कागद, संत्र्याची साल, औषधाचे वेष्टन. त्या कोरड्या थंड हवेत कचरा कुजत नाही. वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि खालच्या गावांना तेच पाणी प्यायचे असते. साबण काठावर लावू नका. पाणी बादलीत घेऊन पात्रापासून दूर धुवा.

पालकांच्या सोयीसाठी यादी पुन्हा थोडक्यात देतो. स्मरणिकेचे हे पान कापून ठेवले तरी चालेल.

अंगावर: पॉलिस्टरचे कपडे, पट्ट्याचे सँडल किंवा कॅनव्हासचे बूट, दोरी बांधलेला चष्मा, शिटी, दम्याचा पंप.

लहान पिशवीत: पाण्याची बाटली, सनस्क्रीन, ओठांचे मलम, काठाची टोपी, वाऱ्याचे जॅकेट, खाऊ, औषधांचा पहिला संच, मुलींच्या वस्तूंचा पहिला भाग.

मोठ्या पिशवीत: दोन जोड कपडे, झोपायचे वेगळे कपडे, स्वेटर, कानटोपी, तीन जोड लोकरी मोजे, कोरडे बूट, टॉर्च आणि जादा सेल, पंचा, दात घासण्याचे सामान, दुसरा चष्मा, जानमाज, होकायंत्र, मुलींच्या वस्तूंचा दुसरा भाग, कचऱ्याची पिशवी.

वाटाड्याजवळ: औषधांचा दुसरा संच, खरा भरलेला फॉर्म, घरचे दोन फोन नंबर.

लेहच्या मुक्कामात: तिकिटे, किल्ल्या, प्रवासाचे कपडे. ओळखपत्र मात्र प्लॅस्टिकमध्ये बंद करून जवळ ठेवावे.

शेवटी एकच गोष्ट, आणि ती माता-भगिनींना उद्देशून. मुलाची पिशवी तुम्ही भरू नका. प्रेमाने भरलेली पिशवी उत्तम असते, पण आत काय कुठे आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि भरणारी घरी असते. मुलाला किंवा मुलीला स्वतः भरू द्या. तुम्ही शेजारी बसून यादी वाचा. भरून झाली की खोलीतला दिवा मालवा आणि सांगा, टॉर्च काढ; मग मोजे, मग औषध. तीनही वस्तू अंधारात, हात न गोंधळता निघाल्या तर पिशवी नीट भरली आहे असे समजा. नाही निघाल्या तर सगळे बाहेर काढून पुन्हा भरायला सांगा, आणि त्याला जितका वेळ लागेल तितका लागू द्या.